राजाला झोपवणारा तंबोरा

एकदा काय झालं, एक होता राजा. भारी उतावळा, बरं का. भात शिजायच्या आत पाटावर बसायचा. पेरणी झाली की दुसऱ्या दिवशी कणसं मागायचा. एवढी घाई असल्यावर झोप कुठून येणार? सदा टक्क जागा.

त्याच्या राज्यात चंद्राक्काचं तंबोऱ्यांचं दुकान होतं. आढ्याला भोपळे टांगलेले. भाजीचे नव्हेत गं चिमे, तंबोऱ्याचे, कडू. दुकान म्हणजे तिचा जीव.

राजानं तिला बोलावलं. म्हणाला, "मला झोप येईल असा तंबोरा कर. आठ दिवसांत. नाही जमलं तर दुकानाला कुलूप."

मग तिनं एक भोपळा काढला, टिचकी मारली. भोपळा म्हणाला, "अक्का, मी ओला आहे अजून." चांगल्या कारागिराशी बोलतात ते. पण राजाच्या धाकानं तिनं ऐकलं नाही. तंबोरा केला, दरबारात नेला, तार छेडली, आणि भोपळा तडकला.

मग दुसरा घेतला. तोही म्हणाला, "ओला आहे." तिनं वरून सोन्याची जाड नक्षी चढवली. तडकला नाही, पण आवाज नुसता थप्प. राजानं दुकानाला कुलूप लावलं नि किल्ली मुठीत धरली.

दुसरी कोणी रडत बसली असती. चंद्राक्का नाही. वळचणीला एक भोपळा राहिला होता, तो तिनं अंगणातल्या कडुनिंबाला टांगला. कुलपावर पहारा देणारा शिपाई म्हणाला, "अक्का, दुसरा धंदा बघा."

"माझा धंदा हाच," ती म्हणाली.

रोज टिचकी मारायची. "झालं का रे?" "नाही, अक्का." एक उन्हाळा गेला. दुसरा गेला. लोक हसले. तिसऱ्या उन्हाळ्यात भोपळा बोललाच नाही. नुसता घुमला, घुमतच राहिला.

मग तिनं तो कापला, दांडी जोडली, तारा चढवल्या. नक्षी नाही, काही नाही. दरबारात नेला, आवाज खुलावा म्हणून तारेखाली सुताचा धागा सरकवला नि तार छेडली. राजाला जांभई आली. प्रधान पेंगला. चोपदार उभ्या उभ्या घोरायला लागले. राजाची मूठ सैल झाली, किल्ली खाली पडली. चंद्राक्कानं ती उचलली, कमरेला खोचली नि जाऊन दुकान उघडलं.

राजा तीन दिवस झोपला. उठला नि स्वतः दुकानात आला. "अक्का, राणीसाठी एक द्या."

तिनं भोपळ्याला टिचकी मारली. "ओला आहे, महाराज. थांबावं लागेल."

आणि राजा थांबला, बरं का. मग सगळे सुखात राहिले.

चला, आता डोकी इकडे करा, टिचकी मारून बघते. टिक. बंडू झाला. टिक. चिमी अजून ओली आहे. मीट डोळे, मी थांबते.