ठकूचा वाफा

ज्या काळी खैरगव्हाणच्या नदीवर पूल नव्हता आणि पलीकडे जायचं तर दगडांवर पाय ठेवत जावं लागे, त्या काळची ही गोष्ट. गावात ठकू नावाची बाई होती. लग्न होऊन सासरी गेली आणि दोन वर्षांत माहेरी परत आली. तिचा भाऊ हैबती म्हणाला, "राहा." ती राहिली. न्हाणीमागच्या परसात तिनं चार हात लांब वाफा केला, न्हाणीचं पाणी त्यात वळवलं आणि कांदे लावले. त्या घरात तिचं म्हणावं असं तेवढंच होतं.

खैरगव्हाणचा कांदा टिकत नसे. घरोघरी परसात तो पिके, चांगला मुठीएवढा होई, पण दसऱ्याच्या आत सडून त्याचं पाणी होई. आणि गावाचा देव तर खंडोबा. चंपाषष्ठीला त्याच्या नैवेद्यात भरीत, भाकरी आणि कांदा हवाच. मग दरवर्षी गुरव रिकामी टोपली घेऊन नदीपलीकडच्या निंबोरीला जाई. निंबोरीकर टोपली भरून देत, पण हसत हसत. "घ्या, घ्या! देव तुमचा, कांदा आमचा!" असं म्हणतात, की त्या टोपलीचं ओझं गुरवाला दगडाच्या टोपलीहून जड वाटे.

ठकू बोलायची कमी, बघायची फार. एका मार्गशीर्षात जात्यामागं झाडताना तिला एक कांदा सापडला. लिंबाएवढाच, पण गोटीसारखा टणक. त्याच्या सालीला लाल मुरूम चिकटला होता. तसा मुरूम वाफ्याच्या अगदी टोकाला होता, जिथं पाणी कधी पोचत नसे. ठकू तो हातात घेऊन बसली ती वहिनीनं हाक मारीपर्यंत उठली नाही.

त्याच दिवसांत हैबती म्हणाला, "ठके, पुढच्या वर्षी परसात गोठा बांधायचा. बैलांना जागा पुरत नाही."

भावापुढं कधी न बोलणारी ठकू म्हणाली, "दादा, माझा कांदा चंपाषष्ठीपर्यंत टिकला तर?"

हैबती हसला. "आपल्या गावात? बरं, टिकला तर परस तुझं. सडला तर त्याच दिवशी गोठ्याच्या मेढी रोवतो. मग रडायचं नाही."

चैत्र आला. कांद्याच्या पातीनं माना टाकल्या. गावातल्या बाया कळवळल्या, "तहानले गं बिचारे!" आणि घागरीमागून घागरी ओतू लागल्या. दरवर्षी त्या तसंच करत. ठकूनं मात्र एक दगड घेतला, चिखल घेतला आणि न्हाणीची मोरी बुजवून टाकली.

सकाळी हैबती अंघोळीला बसला आणि घोट्यापर्यंत पाण्यात बुडाला.

"ठके! मोरी तुंबलीय!"

"तुंबली नाही, बुजवलीय. वीस दिवस नदीवर जा, दादा."

"कांद्यापायी माणसानं घरची अंघोळ सोडायची?"

"जावा की," वहिनी गोजरा आतून म्हणाली. "नदी काय चावती? वन्सं, मी येते तुमच्यासंगं."

नदीवर बायांना विषयच मिळाला. "बघा बाई, ठकू नाकानं कांदे सोलती!" ठकू लुगडं पिळत राहिली. असं म्हणतात, की अठराव्या दिवशी आभाळ काळं झालं. एक ढग थेट परसावर येऊन थांबला. ठकू वाफ्यात उभी राहिली, हात जोडून म्हणाली, "बाबा, आजच्या दिवस पुढं हो." ढग पुढं गेला आणि सगळा निंबोरीवर कोसळला.

विसाव्या दिवशी तिनं कांदे उपटले, सावलीत वाळवले, पातींच्या वेण्या घातल्या आणि अशा अकरा वेण्या आढ्याला टांगल्या. पावसाळा आला. एकेका घरातून सडक्या कांद्याचा वास येऊ लागला. ठकू रोज सकाळी एकेका कांद्याला बोट लावून बघे. अंगणात हैबतीनं गोठ्यासाठी मेढी तासून ठेवल्या होत्या. जाता-येता त्या तिला दिसत. दसरा गेला, दिवाळी गेली.

चंपाषष्ठीला गुरव टोपली काखेत घेऊन नदीकडं निघाला. ठकू रस्त्यात आडवी आली.

"काका, टोपली इकडं आणा."

देवळाच्या पायरीवर तिनं पहिला कांदा ठेवला. सारं गाव श्वास रोखून उभं राहिलं. सगळ्यांत पुढं हैबती. ठकूनं मूठ मारली. आवाज खणखणीत आला, जणू कुणी घंटा वाजवली! आतून कांदा पांढराशुभ्र निघाला आणि त्याचा असा ठसका उठला, की पोरंसोरं, म्हातारेकोतारे सगळे घळाघळा रडू लागले. असं म्हणतात, की देवाच्या मुखवट्याच्या डोळ्यांतूनही पाणी आलं.

ते रडणं नदीपार गेलं. निंबोरीकरांना वाटलं, गावात कुणीतरी मोठं माणूस गेलं. बिचारे तोंडं पाडून धावत आले.

"कोण गेलं हो?"

गुरवानं उपरण्यानं डोळे पुसले. "कुणी नाही, पाव्हणं! बसा, जेवा. देव आमचा आणि आजपास्नं कांदाबी आमचा!"

निंबोरीकर आधी खजील झाले, मग हसले आणि मग पोट फुटेस्तोवर जेवले. दोन गावं जेवली, तरी आढ्याच्या वेण्या अकराच राहिल्या, असं म्हणतात. नदीवर टोमणे मारणाऱ्या बाया दुसऱ्याच दिवशी कांदा टिकवायचं शिकायला ठकूच्या दारात रांगेनं बसल्या. हैबतीनं मुकाट्यानं मेढी उचलल्या आणि गोठा पुढं अंगणात बांधला. पाव्हण्यारावळ्यांना बैलांच्या शेपट्या चुकवत घरात यावं लागे. कुणी कुरकुरलं, तर तो म्हणे, "परस माझं न्हाई. बहिणीचं हाय."

आता नदीवर पूल झाला आहे, घरोघरी नळ आले आहेत. तरी चैत्रात पातीनं माना टाकल्या, की खैरगव्हाणात मोऱ्या बुजवतात आणि सगळं गाव हसत-खिदळत नदीवर अंघोळीला जातं. आणि गावची कुणी लेक सासर सोडून माघारी आली, तर तिची पिशवी खाली ठेवायच्या आत भाऊ कुदळ घेऊन परसात जातो. तिला तो एवढंच विचारतो, "ताई, ठकूचा वाफा कुठं पाडू?"