टेकाडावरची उलटी टोपली

एका गावात, वस्तीपासून दूर टेकाडावर, तुळाजी नावाचा शेतकरी एकटाच राहत होता. त्या गावाला कधी पूर गाठायचा, कधी गारपीट. म्हणून सुगीनंतर प्रत्येक घर पायलीभर ज्वारी देवळातल्या सामाईक कणगीत टाकी. ज्याचे पीक जाई, त्याने बांधावर काठी रोवून उलटी टोपली टांगायची. पंच पाहून जाईपर्यंत शेताला हात लावायचा नाही. मग पेरणीला त्याला कणगीतून बियाणे मिळे.

तुळाजी आपली पायली न चुकता टाकी आणि कोणाशी न बोलता परत फिरे. एकदा वाटेत सोपाना नावाच्या शेतकऱ्याच्या बांधावर लोक जमले होते. त्यांतल्या एकाचे बोलणे तुळाजीच्या कानावर पडले, "लागली बाबा सोपानाची टोपली! अरे, गारा तुझाच पत्ता विचारत येतात की काय?" सगळे हसले. सोपानाही हसला. तुळाजी मात्र चरकला.

पुढच्या माघात गारा पडल्या त्या फक्त टेकाडावर. आडवी झालेली ज्वारी पाहून तुळाजीला वाटले, आता आपल्यालाही हसतील. दोन दिवसांत त्याने सगळी धाटे उपटून ओढ्यात फेकली. रान नांगरून टाकले. टोपली घरातच राहिली.

पेरणी तोंडावर आली. घरात बियाणे नव्हते. तो पंचांपुढे जाऊन उभा राहिला.

पंचांतल्या म्हाताऱ्या हौसाक्काने विचारले, "टोपली कधी टांगलीस?"

"नाही टांगली."

"मग आता बघायचं काय? तुझी नांगरट? न बघता कणगी उघडली, तर उद्या कुणीही हात पुढं करील, तुळाजी."

तो मान खाली घालून निघाला. हौसाक्काने त्याला दारात गाठले आणि पदरातले बियाणे पुढे केले. "हे माझ्या घरचं. कणगीतलं नव्हे."

तेवढ्या बियाण्यात अर्धेच रान पेरले गेले. उरलेले अर्धे रान वर्षभर त्याच्या दारासमोर उघडे पडून होते.

त्या वर्षीही गारा आल्या. या वेळी मात्र तुळाजीने शेताला हात न लावता टोपली टांगली. ऊन तापायच्या आत अख्खे गाव टेकाड चढून आले. पुढे सोपाना. "लागली बाबा तुळाजीची टोपली! चला, मला जोडीदार मिळाला!"

तुळाजीला हसू फुटले. तो पाणी आणायला आत वळला आणि थबकला. इतक्या वर्षांत त्याच्या घरात पेला एकच होता.

तात्पर्य: संकटासाठी वाटा टाकून ठेवणे पुरेसे नाही, संकट आल्यावर ते चारचौघांना दाखवताही आले पाहिजे, झाकलेल्या नुकसानीपर्यंत मदत पोहोचत नाही.