परमुलखातली बाग आणि गाळाची टोपली

"मुजरा? मी? आणि त्या रत्नभानूला?" चांदवलीचा राजा दुर्गसेन सिंहासनावरून ताडकन उठला. "बाग गेली खड्ड्यात!"

बाग डाळिंबाची होती, आणि ती होती शेजारच्या हिरडगड राज्यात. दुर्गसेनाच्या आईच्या वडिलांनी मरताना ती लाडक्या नातवाच्या नावे केली होती. मिळाली तेव्हा महाराज खूश! डाळिंबं खाऊन खाऊन मिशा लाल झाल्या. पण परमुलखातली बाग आपली झाली की परमुलखाचा कायदाही आपल्याला लागू होतो, हे कुणाच्या ध्यानात? आता हिरडगडचा जासूद दरबारात उभा होता आणि तोच कायदा घडाघडा सांगत होता.

"आमच्या बंधाऱ्याचं पाणी जो जमीनमालक घेतो, त्याने पावसाळ्याआधी जातीने यायचं. गाळाची भरली टोपली डोक्यावरून नेऊन बांधावर टाकायची. वाटेत गाळ सांडला तर फेरी बाद! आणि मालक परमुलखातला असेल, तर त्याने बांधावर आमच्या रत्नभानू महाराजांना मुजराही करायचा. येत्या पुनवेला आला नाहीत, तर बाग सरकारजमा!"

"टोपली नेईन," दुर्गसेन म्हणाला. "माझी झाडं पाणी पितात, गाळ काढायला मला लाज नाही. पण मान वाकवणार नाही!"

प्रधान हळूच पुढे सरकले. "महाराज, बाग तेवढ्यापुरती माझ्या नावावर करा. मुजरा मी करून येतो."

"आणि नंतर तुमच्याकडून बाग सोडवायला कुणाला पाठवू?"

प्रधान आले तसेच मागे सरकले.

"ऐका सगळे!" राजा गरजला. "बाग माझीच राहिली पाहिजे. त्यांचा कायदा मोडता कामा नये. आणि माझी मान तसूभरही वाकता कामा नये! उपाय सांगा, नाहीतर एकूण एक झाड तोडून टाकतो. घेऊ दे त्याला उघडी जमीन!"

हे ऐकून कोपऱ्यात उभा असलेला बाळोबा मटकन खालीच बसला. बाळोबा त्या बागेचा माळी. प्रत्येक झाड त्याने पोटच्या पोरासारखं वाढवलेलं. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्याची लेक ठमी बरोबर होती. बापाची ही दशा तिला बघवेना. ती सरळ पुढे आली.

"महाराज, एवढंच ना? चला की पुनवेला! टोपली घ्या डोक्यावर. फक्त मी सांगेपर्यंत ती उतरवायची नाही."

"आणि मान वाकली तर?"

"तर कुऱ्हाड मीच आणून देईन!"

ठमी असं बोलून बसली खरी, पण बाळोबाला त्या दिवसापासून जेवण गेलं नाही हो.

पुनवेला बंधाऱ्यावर ही गर्दी! रत्नभानू छत्रीखाली ऐटीत उभा होता. शेजारचा राजा आपल्यापुढे वाकणार म्हणून सकाळपासून त्याला गुदगुल्या होत होत्या. तेवढ्यात दुर्गसेन आला. पगडीवर चुंबळ, चुंबळीवर टोपली, आणि गाळाचं पाणी ओघळून थेट मिशांत! मागोमाग ठमी आणि बाळोबा.

"या, या!" रत्नभानू हसला. "करा मुजरा!"

"कसा करतील?" ठमी म्हणाली. "वाकले तर गाळ सांडेल. सांडला तर फेरी बाद. कायदा तुमचाच, महाराज!"

"मग आधी टोपली उतरवा!"

"एकट्याने उतरवतं का कुणी डोक्यावरचं ओझं? समोरून कुणी हात द्यायला नको?"

हिरडगडचे प्रधान लगबगीने धावले. ठमी आडवी झाली.

"थांबा! तुम्ही आमच्या महाराजांच्या पगडीला हात लावणार? बरं, लावा! मग उद्या आमचे प्रधान तुमच्या महाराजांच्या पगडीला लावतील. चालेल?"

रत्नभानूचा हात आपसूक स्वतःच्या पगडीकडे गेला. "खबरदार! व्हा मागे, प्रधानजी!"

"राजाला हात द्यायचा तर राजानेच," ठमी म्हणाली. "इथे दुसरा राजा कोण आहे, मला काही दिसत नाही बाई!"

लोक खुसखुसले. रत्नभानू दातओठ खात पुढे आला आणि त्याने दोन्ही हातांनी टोपली धरली. ओला गाळ तो! वजन अंगावर येताच तो कमरेत वाकला. टोपली बांधावर रिकामी करायची म्हणून आणखी वाकला. कपाळ जवळजवळ दुर्गसेनाच्या जोड्यांपाशी! दुर्गसेन मात्र खांबासारखा ताठ उभा.

गर्दी टाचा उंचावून बघू लागली. बाळोबाने तर डोळेच मिटून घेतले होते.

रत्नभानू चिखलाचे हात झटकत उठला. "आता मुजरा!"

"घ्या की!" ठमी म्हणाली. "पण आधी तुम्ही वाकलात, हे सगळ्या गावाने बघितलंय. आता आमचे महाराज वाकले तर तो मुजरा कसला? पाहुण्याने परत केलेला नमस्कार! तो घेतलात तर तुम्ही आधी मुजरा केलात हे कबूल होईल. बोला, घेता?"

रत्नभानूने आपल्या चिखलाने भरलेल्या हातांकडे बघितलं, समोरच्या चिखलभरल्या मिशांकडे बघितलं, आणि असा काही हसत सुटला की छत्रीवाल्याची छत्री हलायला लागली!

"नको ग बाई, नको! आजपासून या बागेला मुजरा माफ! टोपली मात्र दरसाल आली पाहिजे!"

"येईल!" दुर्गसेन हसून म्हणाला. त्याने बाळोबाला हाताला धरून पुढे आणलं. "बाळोबा, तुझ्या एकाही झाडाला धक्का लागणार नाही. आणि ठमे, बंधाऱ्याकडची अर्धी बाग आजपासून तुझ्या नावावर!"

ठमीने पदर खोचला आणि रिकामी टोपली उचलून बघितली.

"महाराज, हे मला बागेचं बक्षीस दिलंत, की टोपलीचं?"

"दोन्ही!" दोघेही राजे एकदमच ओरडले आणि पोट धरधरून हसले.