सोनाक्काचा मोठा खड्डा

रस्त्याच्या वळणावर माझ्या गुळाच्या दुकानासमोर सोनाक्का कोंबड्या विकते. परवा दूरच्या जिल्ह्यात बर्ड फ्लू आल्याची बातमी आली, तसे आमचे सरपंच रंगराव तोंडाला तीन फडकी बांधून, मोटारसायकलवर मागे दोघांना घेऊन भरधाव आले.

"आक्का, खड्डा खणा! सगळ्या कोंबड्या आत्ताच पुरायच्या. गावाच्या जिवाचा प्रश्न आहे."

"अहो, कालच जनावरांचे डॉक्टर तपासून गेले. सगळ्या धडधाकट आहेत."

"ते काही नाही!"

"बरं, पुरते. पण यंदा या वळणावर पाच माणसं गेली, ती काय कोंबडी टोचून?"

"नाही, मोटारसायकलवरून पडून," मागचा एकजण बोलून गेला.

"मग सरपंच, खड्डा जरा मोठाच खणू. आधी तुमची गाडी पुरू, मग माझ्या कोंबड्या!"

मागचे दोघे मुकाट्याने खाली उतरले.