पांढरं ताट

एक होतं विणकरांचं गाव. त्या गावात जे घडत होतं ते ऐकून तुम्ही तोंडात बोट घालाल. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातला घास हातातच राहिला होता.

हे गाव राजासाठी पांढरे शेले विणायचं. पांढऱ्या रेशमावर पांढऱ्याच बुट्ट्या, आणि कापड असं की उन्हात धरलं तर डोळे दिपावेत. राजाच्या घरी अभिषेक असो, मुंज असो, शेला याच गावचा लागे. त्याला एवढासा डाग चालत नसे. मग डाग पडू नये म्हणून गावानं काय केलं? हात धुतले? छे! हात धुणं फार सोपं झालं असतं. त्यांनी जेवणातला रंगच काढून टाकला.

मागावर बसणाऱ्या माणसानं पांढरंच खायचं, असा त्यांचा नेम होता. धुवून धुवून पांढराफेक केलेला भात, मीठ, साखर, पोहे आणि फार झालं तर मुळ्याच्या चार चकत्या. हळदीनं बोटं पिवळी होतात, म्हणून वरण-भाजी बंद. पालेभाजीचा हिरवा रस लागतो, म्हणून ती बंद. गाजर, भोपळा, आंबा यांचं तर नावही काढायचं नाही. तुपाचा डाग निघत नाही, म्हणून दूध-तूपसुद्धा बंद. शेला मागावरून उतरेपर्यंत हा नेम, आणि एक उतरला की दुसरा चढलेलाच असायचा. याला ते ‘पांढरं ताट’ म्हणत. ज्याच्यापुढं पांढरं ताट येई, त्याला गावात भलताच मान!

दुसरा एक मान तर याहून मोठा होता. रोज दिवेलागणीला घरोघरच्या बायका मागशाळेच्या दाराशी यायच्या आणि आपापल्या कारागिराला हाताला धरून घरी न्यायच्या. पाहुणे विचारत, “हे काय हो?” गावकरी छाती फुगवून सांगत, “आमच्याकडे कारागीर एकटा चालत जात नाही. त्याला मानानं नेतात.” पाहुण्यांनाही मोठं कौतुक वाटे. हा मान मुळात सुरू कशासाठी झाला, हे मात्र कुणीही विचारलं नाही. विचारणार कोण? मानाच्या गोष्टीला ‘का’ विचारलं की लोकांना राग येतो.

या गावातला सगळ्यात नावाजलेला विणकर म्हणजे केरोबा. त्याची बायको सारजा, तोंडानं फटकळ आणि मनानं लोण्याहून मऊ. लेकीची लेक बकुळा त्यांच्याकडेच आजोळी वाढत होती. पोरीची बोटं इतकी नाजूक की बारीक बुट्टीतून धागा काढावा तर तिनंच. त्या वर्षी नव्या राजाचा अभिषेक ठरला. थोरला पंच, तोही मागावरचाच कारागीर, म्हणाला, “केरोबा, पोरीला मागावर घे. असा हात पुन्हा मिळायचा नाही.”

केरोबाला आभाळ ठेंगणं झालं. बकुळापुढं पांढरं ताट आलं, तेव्हा त्यानं गावात साखर वाटली.

सारजा चुलीपाशी बसून बघत होती. “अहो, वाढत्या अंगाची पोर आहे. चमचाभर भाजी तरी खाऊ द्या,” ती म्हणाली.

“आणि शेल्याला बोट लागलं म्हणजे? मागाच्या गोष्टीत तुला काय कळतंय?”

“मला मागातलं नाही कळत, पोरीतलं कळतं,” सारजा म्हणाली. पण तिचं ऐकतंय कोण! पोर मात्र खूश होती. मोठ्या माणसांच्या पंगतीत बसायला मिळत होतं ना!

हंगाम सरत आला. शेला जवळजवळ पुरा झाला होता, फक्त काठ राहिला होता. त्या दिवशी सारजेला मागशाळेकडे यायला जरा उशीर झाला. सूर्य बुडाला होता, पण उजेड होता. समोरून येणाऱ्याचं तोंड ओळखू यावं, इतका स्वच्छ उजेड होता. दारातल्या पायरीवर आजोबा आणि नात शेजारी शेजारी बसले होते. सारजा त्यांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

दोघांतलं कुणीच उठलं नाही.

सारजेला वाटलं, पोर थट्टा करतेय. ती गप्प उभी राहिली. तेवढ्यात बकुळा म्हणाली, “आजोबा, आजी कधी येणार?”

“येईल एवढ्यात,” केरोबा म्हणाला.

“मला पण आता मानानं नेतील ना? मला पण तुमच्यासारखं संध्याकाळी काहीच दिसत नाही.”

असं म्हणून पोरीनं हात पुढं केला आणि हसत हसत हवेत धरून ठेवला. हात आजीच्या लुगड्याला लागायला चार बोटं कमी पडत होती, आणि डोळे आजीच्या आरपार कुठंतरी लागलेले होते.

नवऱ्याला संध्याकाळी दिसत नाही हे सारजेला ठाऊक होतं, पण कारागिराचं असंच असतं म्हणून तिनं ते पोटात घातलं होतं. आणि ही? हिचे तर अजून दुधाचे दात पडत होते!

“अगं बाई गं! मी इथं उभी आहे! तुमच्या दोघांच्या नाकासमोर उभी आहे!” सारजा किंचाळली आणि तिथंच मटकन खाली बसली.

केरोबा दचकला. “तू… कधी आलीस?”

“कधीची आलेय! अजून उजेड आहे, अहो! ढळढळीत उजेड आहे!”

आरडाओरडा ऐकून बायका-माणसं गोळा झाली. आणि लोकांनी काय केलं असेल? सांगायलाही लाज वाटते. थोरल्या पंचानं टाळ्या वाजवल्या! “वा, वा! पोरीचे डोळे संध्याकाळी मिटायला लागले! म्हणजे आता ती खरी कारागीर झाली!” आणि बाकीच्यांनीही टाळ्या वाजवल्या. इतकी वर्षं प्रत्येक कारागिराचं असंच झालं होतं. त्यामुळं कारागिराचे डोळे असेच असतात, असं साऱ्या गावानं धरून ठेवलं होतं.

त्या टाळ्या ऐकून केरोबाच्या अंगावर काटा आला. त्याच्या वेळी त्याच्या बापानंही अशाच टाळ्या वाजवल्या होत्या, ते त्याला आठवलं. घरी जेवायच्या वेळी त्यानं विचारलं, “सारजे, गावातल्या बायकांना संध्याकाळी दिसतं?”

“सगळ्यांना दिसतं. म्हणून तर तुम्हाला आणायला आम्ही येतो.”

“तुम्ही काय खाता?”

सारजेनं कपाळावर हात मारला. “आता विचारताय? तुमच्या ताटातून जे काढून टाकायला लावता ते सगळं खातो! शेवग्याचा पाला खातो, चाकवत, राजगिरा खातो. भोपळा खातो, गाजर खातो. आंब्याच्या दिवसांत कोपरापर्यंत ओघळ येईस्तोवर आंबे खातो. मी कितीदा म्हटलं! पण माझ्या जिभेला हाड नाही म्हणून माझं ऐकायचं नाही, होय ना?”

पांढऱ्या ताटातला भात केरोबाला गिळवेना. नेम मोडला तर शेला बाटला म्हणणार आणि गाव वाळीत टाकणार. राजाचा मान गेला की मागशाळेला कुलूप लागणार. नेम नाही मोडला तर पोर आंधळी होणार. एका बाजूला सगळं गाव आणि दुसऱ्या बाजूला पोरीचे दोन डोळे. त्याला रात्रभर झोप लागली नाही.

सकाळी सगळे कारागीर मागावर बसले असताना केरोबा मागशाळेत आला. एका हातात थाळी, दुसऱ्या हाताला बकुळा. थाळीत लाल भोपळ्याची भाजी, शेवग्याच्या पाल्याचं वरण, वरून तुपाची धार. मागशाळेत हळदीचा वास सुटला आणि सगळे धोटे जागच्या जागी थांबले.

“केरोबा! शुद्धीवर आहेस का?” थोरला पंच ओरडला.

“आज पहिल्यांदा आलोय,” केरोबा म्हणाला. शेल्याच्या शेजारीच मांडी घालून तो बसला, पोरीला मांडीवर घेतलं आणि पहिला घास भरवला. दुसरा घास आपण खाल्ला. बकुळा बावरली, मग तिला ती चव इतकी आवडली की तिनं थाळीतच हात घातला. आणि व्हायचं तेच झालं. उठताना पोरीचा तोल गेला, आधाराला तिनं हात टेकला आणि शेल्याच्या पांढऱ्या पदरावर एक इवलंसं पिवळं बोट उमटलं.

मागशाळेत एकदम कल्लोळ उठला. कुणी रिठे आणले, कुणी लिंबू आणलं. किती धुतलं, किती उन्हात घातलं, पण रंग फिका झाला, गेला नाही. नवा शेला विणायला वेळ नव्हता. “राजाकडं तूच तोंड दाखव,” पंचांनी बजावलं. कुणी केरोबाच्या घरचं पाणीही पिईना.

पण सारजेच्या चुलीवर रोज हिरवं-पिवळं शिजत राहिलं. अभिषेक जवळ आला तोवर एका संध्याकाळी बकुळा अंगणातून ओरडली, “आजी, तुझ्या नाकावर पीठ लागलंय!” सारजा पोरीला पोटाशी धरून इतकी रडली की पोर घाबरली.

अभिषेकाला सगळे कारागीर शेला घेऊन राजवाड्यात गेले. राजानं घडी उलगडली आणि पिवळं बोट दिसलं. दरबार हादरला. “हे काय आहे?” राजानं विचारलं.

केरोबानं हात जोडून सगळं सांगितलं. राजाला काही ते पटेना. “ताटातल्या भाजीवाचून माणसं आंधळी होतात? डाग लपवायला काहीही सांगू नकोस.”

तेव्हा सारजा पुढं झाली. दरबारात बायकांनी बोलायचं नसतं वगैरे तिला ठाऊक होतं, पण तिनं कधी कुणाचं ऐकलंय? “महाराज,” ती म्हणाली, “आज दिवे जरा उशिरा लावायला सांगा. आणि या कारागिरांना एकेकट्यानं तुमच्यापर्यंत येऊन मानाचा विडा घ्यायला सांगा. हात कुणी धरायचा नाही.”

सूर्य बुडाला. दरबाराच्या चौकात अजून मोगऱ्याचं फूल ओळखू येईल इतका उजेड होता. थोरला पंच ताठ मानेनं निघाला. चार पावलं गेला, वाकडा वळला, एका खांबापुढं थांबला आणि कमरेत वाकून मोठ्यानं म्हणाला, “महाराजांचा विजय असो!”

कुणीतरी खुदकन हसलं. मग दुसरा कारागीर तिसऱ्यावर आदळला, तिसरा भिंत चाचपू लागला, चौथा गुडघ्यांवर बसून पायरी शोधू लागला. हसू थांबलं. राज्यातले सगळ्यात निष्णात कारागीर हात पुढं पसरून त्या चौकात भिरभिरत होते. राजाचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली.

तेवढ्यात त्या सगळ्यांमधून वाट काढत एक पोर धावत आली. तिनं राजाच्या हातातला विडा घेतला, मुजरा केला आणि मागं वळून ओरडली, “आजोबा, थांबा! पुढं हौद आहे!”

राजा सिंहासनावरून खाली उतरला. त्यानं विचारलं, “असं किती वर्षं चाललंय?”

“मी सून होऊन आले तेव्हा सासऱ्यांना हाताला धरून आणत होते, महाराज,” सारजा म्हणाली. “माझ्या सासूबाई त्यांच्या सासऱ्यांना आणत असतील.”

राजानं अंगावरचा जुना शेला हातात घेतला. तोही याच गावचा, तोही पांढराशुभ्र. “अरेरे, इतकी वर्षं आम्ही हे काय पांघरत होतो!” असं म्हणून त्यानं तो उतरवला आणि बकुळाच्या बोटाचा शेला पांघरला. पिवळं बोट सगळ्यांना दिसेल असं त्यानं छातीवर घेतलं. दिवे लागले तेव्हा तोच शेला पांघरून त्यानं अभिषेक करून घेतला. आणि हुकूम दिला, “या गावचा शेला पिवळ्या बोटाशिवाय आला, तर घेतला जाणार नाही. बोट नसेल तर कारागीर उपाशी आहे असं समजू.”

आता तुम्ही विचाराल, त्या हिरव्या-पिवळ्यात असं होतं तरी काय? आजचे डॉक्टर सांगतात की गाजर, भोपळा, आंबा, पालेभाज्या यांच्यातल्या रंगापासून आपलं शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. ते नसलं की आधी संध्याकाळचं दिसेनासं होतं आणि मग डोळाच जातो. पालेभाजीतला आणि अंड्याच्या बलकातला पिवळा अंश डोळ्याच्या पडद्याला जपतो. आवळा, पेरू, लिंबू शरीराची झीज आवरायला मदत करतात. आणि भाजीवर थोडं तेल-तूप हवं, नाहीतर ते रंग अंगी लागत नाहीत. सारजेला यातलं एकही नाव ठाऊक नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं की जे खातात ते बघतात. पण म्हणून डोळ्याचं प्रत्येक दुखणं भाजीनं बरं होतं असं समजून घरी बसू नका. दिसेनासं झालं तर डॉक्टर गाठा.

गावातल्या पुष्कळांची नजर परत आली. केरोबाची मात्र पुरती आली नाही, फार उशीर झाला होता. अजूनही दिवेलागणीला कुणीतरी त्याला हाताला धरून घरी आणतं. पण त्याला आता कुणी मान म्हणत नाही.

“आजोबा, पायरी,” बकुळा म्हणते.

“दिसली हो,” केरोबा खोटंच म्हणतो आणि तिचा हात घट्ट धरतो.

तात्पर्य काय, तर घरातल्या माणसाची उणीव मान म्हणून मिरवू नका. ती कशामुळं आली हे वेळीच विचारा, आणि लेकरांच्या ताटात रंग वाढा. डाग पडला तर नवा शेला विणता येतो, गेलेली नजर परत येईलच असं नाही.