शेवटच्या वावराचं पाणी

फार मागं डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावाला एक पाट होता, अन् गावचा पाटील म्हातारा, भला माणूस. पण पेच पडला की पागोटं काढून नुसतं डोकं खाजवत बसायचा.

पाट खणला तेव्हा वाडवडलांनी भंडारा उचलून, देवाची आण घेऊन नियम घातले होते. पाणी आधी शेवटच्या वावराला, मग वर वर येत पहिल्याला, म्हणजे वरचा कुणी अडवून बसणार नाही. अन् बाईमाणसानं पाटावर दारं धरायला, म्हणजे पाणी वावरात वळवायला, जायचं नाही, कारण तेव्हा तिथं वाघ पाणी प्यायला येत. वाघ कधीचेच गेले, नियम मात्र राहिला.

शेवटचं वावर एका विधवेचं होतं. एक दिवस ती चावडीवर आली. "पाटीलबाबा, गहू ओंबीवर आलाय. शेजारी नुसते 'येतो, येतो' म्हणतात, अन् माझ्या पाळीचं पाणी ओढ्यात जातं. मला दारं धरू द्या, नाहीतर पोरांना काय घालू?"

"खरं आहे गं बाई," पाटील म्हणाला.

तेवढ्यात वरच्या वावराचा बागाईतदार उठला. "बदलाच! अन् बदलताच आहात तर पाणीबी आधी वर द्या. खाली जाईस्तोवर निम्मं मुरतं."

"तेबी खरंच की."

गावचा गुरव कळवळला. "पाटील, आण मोडू नका. एक दगड काढाल अन् अख्खा बांध ढासळेल."

"हेबी खरंच."

"पाटलांना सगळ्यांचंच खरं!" कुणीतरी हसलं.

म्हाताऱ्याला भाकर गोड लागेना. "अगं," तो पाटलिणीला म्हणाला, "नियम सोडावा तर दुसरेबी सुटतात. न सोडावा तर तिचा गहू वाळतो."

"अहो, चुलीपुढं बसून काय उमगणार? तिच्या वावरात जा."

दुसऱ्या दिवशी त्यानं सारा गाव तिच्या वावरात बोलावला. भुईला भेगा पडलेल्या, गव्हाची पाती पिवळी. पाटलानं विचारलं, "बाईनं दारं धरली तर कुणाचं काही जातं का?"

गुरव हळूच म्हणाला, "वाघ तर आता नाहीत..."

"मग हा बदलला."

"आता माझा!" बागाईतदार पुढं सरला.

"पाणी आधी वर दिलं तर कुणाचं जातं? ज्यांचं जातं त्यांनीच या बदलाला 'हो' म्हणावं, आत्ता बदलतो," पाटील म्हणाला.

खालच्या वावरांचे धनी पायाखालच्या भेगा बघत राहिले. 'हो' काही कुणी म्हणालं नाही. बागाईतदार पाय आपटत गेला. बाईनं पदर खोचला अन् दारं धरली.

घरी येताना पाटील पुटपुटला, "पाणी मुरतं हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं गं. माझं चुकलं तर नाही?"

"चुकलं असेल तर गहू सांगेल," पाटलीण म्हणाली.

त्या साली विधवेच्या खळ्यावर रास पडली. पाटील मात्र दरसाल पाटाकाठी जाऊन डोकं खाजवतच राहिला, मुरणाऱ्या पाण्याचं काय करावं म्हणून.

तात्पर्य: जुना नियम मोडण्याआधी अन् जपण्याआधीही, त्यापायी ज्याचं वावर सुकणार आहे त्याच्या बांधावर उभं राहून त्याला विचारावं.