सटवा कोळ्याची कावड

कोंढारवाडीच्या नदीकाठी, करंजाच्या सावलीत हरगिरी महाराजांचा मठ होता. महाराजांच्या पायाशी आलेला माणूस रित्या हाताने परत गेला नाही, असे सारा गाव सांगे. एकटे बाळकोबा वैद्य मात्र मठाची पायरी चढत नसत. ते हाडवैद्य होते. पायाच्या सांध्यात तर पंचक्रोशीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. लंगडत आलेला माणूस त्यांच्या ओसरीवरून ताठ चालत जाई. याचा त्यांना गर्व होता आणि खरे सांगायचे तर तो त्यांना शोभतही होता. "तुमच्या महाराजांचा पाय मुरगळला, तर तेही माझ्याच ओसरीवर येतील," असे ते मिशीवरून हात फिरवत म्हणत.

सटवा कोळी हा महाराजांचा भोळा भक्त. चैत्रात नदीच्या पाण्याची कावड डोंगरावरच्या महादेवाला नेण्याचा मान त्याच्या घराण्याचा. त्या वर्षी नदीच्या घाटावरून घसरून त्याचा घोटा टम्म सुजला. वैद्याकडे गेलो तर महाराजांवरचा विश्वास उणा पडेल, असे त्या भाबड्याला वाटले. तो घोट्याला मठातला अंगारा लावी आणि काठी टेकत चाले. बाळकोबा त्याला भर पारावर विचारत, "काय सटवा, बसला का सांधा अंगाऱ्यानं? की अजून वाटेतच आहे?" सारा पार हसे. सटवा मान खाली घालून पुढे जाई.

शेवटी महाराजांनीच त्याला जवळ बोलावले. सुजेवरून हात फिरवत महाराज म्हणाले, "अरे वेड्या, अंगारा कपाळाला. घोट्याला बाळकोबा. आणि ते सांगतील तसंच वागायचं, तुला माझी आण आहे."

"पन म्हाराज, त्ये तुमास्नी नावं ठेवत्यात."

"ठेवू देत. सांधा नीट बसवतात ना?"

सटवा गेला. बाळकोबांनी अंगठ्याने घोटा चाचपला, पाय धरून एक हिसका दिला आणि सरकलेला सांधा जागेवर आणला. आंबेहळदीचा लेप घालून त्यांनी बांबूच्या कांबी आवळून बांधल्या. "आता मी सांगेपर्यंत हा पाय भुईला लागायचा नाही. इथंच माझ्या ओसरीवर पडून राहा."

सटवाचा चेहरा उतरला. "द्वादशीला कावड हाय, वैद्यबुवा. आमी न्हाई नेली तर मान दुसऱ्या घरी जातुया. आज्यापासनं कवा चुकली न्हाई."

"डोंगर चढलास तर जन्माचा लंगडा होशील. मानाची एवढी काळजी असेल, तर तुझ्या महाराजांनाच सांग कावड उचलायला!"

द्वादशी उजाडली. सटवा पळेल म्हणून बाळकोबा स्वतः ओसरीच्या पायरीवर लेप वाटत बसले. डोंगराकडून ढोल ऐकू येऊ लागले, 'हर हर महादेव'चा गजर उठला. सटवाने घोंगडे तोंडावर ओढले आणि तो हुंदके देऊ लागला. घराण्याचा मान त्याच्या डोळ्यांदेखत चालला होता. तरी त्याने पाय खाली सोडला नाही, कारण महाराजांची आण होती. इतका आज्ञेतला रोगी बाळकोबांना आजवर मिळाला नव्हता. वाटता वाटता त्यांचाही हात मंदावला.

दुपार कलताना गुलालाने माखलेली मंडळी नारळ आणि फेटा घेऊन वैद्यांच्या अंगणात शिरली. पाटील पुढे होते. "वैद्यबुवा, धन्य तुमचा हात! सटवानं आज कावड अशी नेली, की कुठं दम खायला थांबला न्हाई. हा फेटा गावाकडनं तुम्हाला."

एवढ्यात त्यांची नजर ओसरीवर बाजेवर पडलेल्या सटवाकडे गेली आणि फेटा धरलेला हात तसाच राहिला.

बाळकोबा गर्विष्ठ होते, पण फुकटचा मान घेणारे नव्हते. ते म्हणाले, "पाटील, सटवा सकाळपासून माझ्या डोळ्यांसमोर आहे. कांबीची गाठ मी मारली तशीच आहे."

सटवाने हात जोडले. "मंग कावड वाहनारा त्यो कोन हुता?" त्याच्या डोळ्यांना धार लागली.

सटवाला टोचून बोललेले आपलेच शब्द आठवून बाळकोबा अनवाणीच मठाकडे निघाले. महाराज खांबाला टेकून, पाय लांब करून बसले होते. खांद्यावर कावडीच्या दांडीचा ताजा वळ उठला होता. सवयीने वैद्यांची नजर पायाकडे गेली. ते खाली बसले, घोटा चाचपला. तोच पाय, तीच जागा, तीच सूज. डोळे फसतील, पण ती बोटे फसणारी नव्हती.

"या, बाळकोबा," महाराज हसून म्हणाले. "तुम्ही म्हणत होता तसंच झालं. तुमच्या ओसरीवरच यायचं होतं, पण चालवेना. तुमच्या भरवशावर डोंगर चढलो."

बाळकोबांचे डोके त्या सुजलेल्या घोट्यावर टेकले. मग डोळे पुसून त्यांनी तो घोटा असा बसवला, की तसा पुन्हा त्यांनाही जमला नाही.

त्या दिवसापासून पाय कुणाचाही असो, हात लावण्याआधी बाळकोबा त्याला डोके टेकवून नमस्कार करीत. आणि मग मिशीवरून हात फिरवत म्हणत, "आता ओरडायचं नाही. या हातांच्या भरवशावर महाराज डोंगर चढले होते."